उभी विमाने, उडती विमाने

कोल्हापुरात राहून विमानांची आवड जोपासणाऱ्या माणसापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. एक वाट गडहिंग्लज, आजरा, आंबोली करत घाट उतरते आणि गोव्यात बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयापाशी संपते. दुसरी महामार्गाने बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग मागे टाकत बंगळुरूच्या येलहंका हवाई तळावर जाते, जिथे दर दोन वर्षांनी ‘एरो इंडिया’ हे विमानप्रदर्शन भरते. पहिल्या वाटेच्या टोकाला विमाने उभी असतात, दुसरीच्या टोकाला ती उडतात. मी दोन्ही वाटांनी पुष्कळ हिंडलो आहे आणि आता माझे मत बरेचसे पक्के झाले आहे. विमानाविषयी मला जे काही कळले, त्यातील बहुतेक उभ्या विमानांनी शिकवले. आपल्याकडची रीत मात्र अशी की उडत्या विमानासाठी आपण लाखोंनी जमतो आणि तेच विमान निवृत्त झाले की ते पाऊसपाण्यात सोडून देतो किंवा सरळ भंगारात घालतो.

कोल्हापूरला विमान नवे नाही. उजळाईवाडीचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत 1939 साली सुरू झाला, आणि आज त्याला त्यांचेच नाव आहे. तरीही आमच्या पिढीची विमानांची ओढ विमानतळाच्या कुंपणापेक्षा उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीतून अधिक आली, असे मला वाटते. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ ऑईल इंजिनाचे सुटे भाग, कास्टिंगमधील दोष आणि लेथवरच्या कामाचा हिशेब यांचीच चर्चा चालते, त्या घरातील मुलाला आकाशात विमान दिसले की ते वर कसे राहते यापेक्षा त्याच्या पोटात काय आहे, हा प्रश्न आधी पडतो. या प्रश्नाचे उत्तर आकाशाकडे पाहून मिळत नाही. त्यासाठी विमानाच्या पोटाखाली जाऊन उभे राहावे लागते.

बोगमाळोचे संग्रहालय 1998 साली सुरू झाले. गोव्याला जाणाऱ्या आमच्याकडच्या मंडळींपैकी फार थोडे तिकडे वळतात. समुद्र आणि मासळी यांच्या स्पर्धेत विमानाचा टिकाव लागणे तसे कठीणच. परंतु तिथे उभे असलेले सुपर कॉन्स्टेलेशन हे एकच विमान पाहायला आंबोलीचा घाट उतरावा, या योग्यतेचे आहे. एअर इंडियाच्या आंतरराष्ट्रीय सेवेत उमेदीची वर्षे काढलेले हे विमान पुढे हवाई दलाकडे गेले आणि 1976 मध्ये नौदलाकडे येऊन समुद्रावर टेहळणी करू लागले. त्याच्या शेपटीवर एका उंच पंखाऐवजी तीन बुटके पंख आहेत, कारण त्या काळच्या हँगरांच्या दारातून ते आत जायला हवे होते. त्याचे अंग नाकापासून शेपटीपर्यंत हलक्या बाकाने वळत जाते. आजच्या प्रवासी विमानाचा मधला भाग सरळ नळीसारखा असतो, म्हणून तो कापून लांबवणे किंवा आखूड करणे सोपे जाते. इथे जवळजवळ प्रत्येक वलयाचे माप निराळे आहे. असे अंग तयार करण्यास किती निरनिराळे साचे लागले असतील आणि किती खर्च आला असेल, याचा अंदाज आमच्या व्यवसायातील माणसाला चटकन येतो.

त्याची इंजिने तर स्वतंत्र लेखाचा विषय आहेत. राईट कंपनीचे 18 सिलिंडरांचे हे रेडियल, म्हणजे मधल्या दांड्याभोवती सिलिंडर वर्तुळात मांडलेले इंजिन. त्यात वाया जाणाऱ्या धुराच्या झोतावर तीन लहान टर्बाइन फिरवून सुमारे 450 अश्वशक्ती पुन्हा क्रँकशाफ्टला परत दिली जात असे. पिस्टन इंजिनातून जितके पिळून काढता येईल तितके काढण्याचा हा बहुधा शेवटचा मोठा प्रयत्न होता. या इंजिनांची गुंतागुंत इतकी होती की वाटेत एखादे बंद पडणे नित्याचे होते, आणि म्हणून वैमानिक या चार इंजिनांच्या विमानाला चेष्टेने ‘जगातील सर्वोत्तम तीन इंजिनांचे विमान’ म्हणत. काही वर्षांतच जेट विमाने आली आणि हे सारे कौशल्य एकदम निकामी झाले.

त्याच आवारात सी हॉक, अलिझे आणि सी हॅरियर ही विमाने आहेत. विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी 1971 च्या युद्धात पूर्व पाकिस्तानच्या बंदरांवर हल्ले केले, हे शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असते. पण विमानवाहू जहाजावर जागा कमी म्हणून पंख मधोमध दुमडण्याची सोय कशी केली आहे आणि तो बिजागरीचा सांधा किती जाडजूड आहे, हे जवळून पाहिल्याखेरीज समजत नाही. हॅरियरच्या दोन्ही कुशींवर दोन-दोन फिरत्या तोट्या आहेत. एकाच पेगासस इंजिनाचा झोत या चार तोट्यांतून खाली वळवला की विमान जागच्या जागी उतरते. मी हॅरियरला उतरताना पाहिले असते, तर डोळे विस्फारून टाळ्या वाजवल्या असत्या आणि तोट्यांकडे माझे लक्षही गेले नसते. 2016 साली ती आपल्या नौदलातून निवृत्त झाली. आता पाहायला वेळ भरपूर आहे.

अर्थात उभ्या विमानाच्या मर्यादा मला मान्य आहेत. आमच्या न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेले वाघ आहेत. त्यांचे दात खरे, कातडे खरे, डोळे काचेचे आणि आत जे होते त्यातले काहीच नाही. संग्रहालयातील पुष्कळशा विमानांचे तसेच झालेले असते. इंजिन काढून घेतलेले असते, कॉकपिटमधील उपकरणांच्या जागी गोल भोके उरलेली असतात आणि वरून रंगाचा असा जाड थर दिलेला असतो की रिव्हेटांच्या ओळी बुजून जातात. हा शेवटचा प्रकार मला विशेष खटकतो. रिव्हेटांच्या ओळीवरून आत सांगाड्याच्या फासळ्या कुठे आहेत ते वाचता येते. ती बुजवली की विमानाचा नुसता आकार उरतो.

त्याहूनही मोठी उणीव फलकांची आहे. आमच्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या एका ज्येष्ठ मेस्त्रींना, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो, मी एकदा अशाच एका संग्रहालयात घेऊन गेलो होतो. विमानांवरून त्यांनी एक नजर फिरवली आणि उघड्या ठेवलेल्या रेडियल इंजिनापाशी ते जे थांबले ते हलेनात. सिलिंडरच्या डोक्यावर हवेने थंड होण्यासाठी असतात त्या पातळ, खोल पट्ट्या त्यांनी वाकून पाहिल्या आणि विचारले, “ह्ये वतलंय का कातलंय? वतलं आसंल तर वाळू कसली वापरली आसंल त्येंनी?” फलकावर विमानाची लांबी, पंखांचा विस्तार आणि कमाल वेग दिला होता. पुढे मी शोधून त्यांना सांगितले की सुरुवातीच्या इंजिनांत अशी हेड ओतलेलीच असत. पण अश्वशक्ती वाढली तशा पट्ट्या इतक्या पातळ आणि दाट हव्या झाल्या की राईटच्या नंतरच्या मोठ्या इंजिनांत हेड घडवून काढून त्यात करवतींनी खाचा पाडाव्या लागल्या. आप्पांनी मान डोलावली, जणू त्यांचा संशय खरा ठरला होता. कमाल वेगाचा आकडा त्यांनी विचारलाही नव्हता. संग्रहालयात येणाऱ्या हजारो माणसांत असे आप्पा असतात. त्यांच्या प्रश्नाला जागा देणारा फलक लिहायला पैशांपेक्षा जिज्ञासा अधिक लागते.

फलकाला किती महत्त्व असू शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण खुद्द राईट बंधूंच्या विमानाचे आहे. 17 डिसेंबर 1903 रोजी उडालेले ते मूळ विमान 1928 पासून 1948 पर्यंत अमेरिकेत नव्हतेच, ते लंडनच्या विज्ञान संग्रहालयात होते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने आपले माजी सचिव सॅम्युअल लँगली यांच्या विमानाला माणसासह उडण्याची क्षमता असलेले पहिले विमान ठरवणारा मजकूर लावला होता, आणि त्याच्या निषेधार्थ ऑर्व्हिल राईट यांनी आपले विमान परदेशी पाठवले. 1942 साली स्मिथसोनियनने जाहीरपणे माघार घेतली. विमान मायदेशी परतून 17 डिसेंबर 1948 रोजी प्रदर्शनात आले, तेव्हा ऑर्व्हिल राईट हयात नव्हते. एका फलकापायी वीस वर्षांचा वनवास!

आपल्याकडे प्रश्न वनवासाचा नाही, छपराचा आहे. दिल्लीच्या पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात, ज्या प्रकारच्या विमानांवर 1933 साली भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनची सुरुवात झाली ते वापिटी आहे. आत्मघातकी हल्ल्यासाठी बनवलेला जपानी ‘ओका’ हा माणसासह झेपावणारा बॉम्ब तिथे आहे. आवाजाच्या तिपटीच्या जवळपास वेगाने जाताना हवेच्या घर्षणाने ॲल्युमिनियम नरम पडेल, म्हणून ज्याचा बहुतेक सांगाडा पोलादाचा, वेल्डिंगने जोडलेला केला, ते मिग-25 आहे. एवढा ऐवज जगातील कोणत्याही मोठ्या संग्रहालयाला हेवा वाटावा असा आहे. मात्र आपल्या देशात मोठ्या विमानांच्या नशिबी बहुधा उघडे आकाशच येते. विमानाचा पत्रा मजबूत करण्यासाठी ॲल्युमिनियममध्ये तांबे मिसळतात, आणि नेमका तोच मिश्रधातू खाऱ्या, दमट हवेत लवकर खराब होतो. पत्रा आणि पोलादी रिव्हेट-बोल्ट जिथे भेटतात तिथे ओलावा शिरला की पांढरी भुकटी पडू लागते, पत्र्याचे पापुद्रे सुटतात, आणि बाहेरून रंग मारला तरी आतले काम चालूच राहते. कोकणपट्टीचा एक पावसाळा विमानाला जितका महाग पडतो तितकी त्याची शेवटची दहा उड्डाणेही पडली नसतील.

मारुतची कथा या संदर्भात मला फार बोलकी वाटते. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांनी हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये येऊन आपल्या तंत्रज्ञांसह घडवलेले हे लढाऊ जेट 17 जून 1961 रोजी प्रथम उडाले. अंग अतिशय रेखीव, पण ज्या ताकदीच्या इंजिनासाठी ते आखले होते ते कधी तयारच झाले नाही, म्हणून दोन ऑर्फियस 703 इंजिनांवर भागवावे लागले. पहिले उड्डाण करणारे चाचणी वैमानिक सुरंजन दास 1970 मध्ये मारुतच्याच अपघातात गेले. तरीही 1971 मध्ये लोंगेवालाच्या लढाईत या विमानाने आपली कामगिरी केली. एकूण 147 मारुत बनली. त्यांपैकी एक मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात आहे, एक पुण्याच्या कमला नेहरू उद्यानात गेले, आणि एक म्युनिकजवळ श्लाइसहाइमला जर्मन संग्रहालयाच्या छपराखाली आहे. आपल्या सर्वांत महत्त्वाकांक्षी विमानाचा एक नमुना बागेत आणि एक परदेशात छपराखाली, या वाटणीबद्दल मी अधिक काही लिहीत नाही.

आता उडत्या विमानांविषयी. येलहंक्याला एरो इंडिया भरते तेव्हा तळाच्या आसपासच्या परिसरात मांसविक्री बंद ठेवतात, कारण फेकलेल्या मांसावर घारी जमतात आणि घार इंजिनात शिरली तर विमान पडू शकते. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावातून गेलेल्या माणसाला हे विमानप्रेमाचे पहिले मोल चुकवावे लागते. दुसरे मोल ध्वनिवर्धकावरील अखंड निवेदनाचे. विमान येण्याआधी, येताना आणि गेल्यावर निवेदक अभिमानाची इतकी उधळण करीत असतो की इंजिनाचा आवाज ऐकण्यास फुरसत मिळत नाही. वास्तविक आवाज हाच तर तिथला खरा पाठ आहे. किलोमीटरभर दूर असलेल्या विमानाचा आवाज सुमारे तीन सेकंदांनी पोहोचतो, म्हणून नजर आवाजाच्या दिशेने गेली की आकाश रिकामे दिसते. नव्या प्रेक्षकाची मान सदैव विमानाच्या मागे असते आणि मुरलेल्याची पुढे, यावरून गर्दीतील माणसे ओळखता येतात.

सूर्यकिरण पथकाची नऊ हॉक विमाने जेमतेम पाच मीटरचे अंतर राखून एकत्र वळतात, तेव्हा मीही अंगावर शहारा अनुभवतो. पण माझा जीव अधिक गुंततो तो सुखोईच्या संथ फेरीत. ताशी हजार किलोमीटरने धावपट्टीवरून सुसाट जाणे हे अशा विमानासाठी जन्मजात सोपे काम आहे. नाक वर धरून, वेग इतका कमी करून जायचे की पंखांनी कुठल्याही क्षणी साथ सोडावी, आणि तरीही इंजिनाच्या वळत्या तोट्यांवर विमान तोलून धरायचे, यात वैमानिकाचे आणि अभियंत्याचे खरे कसब दिसते. त्या फेरीला टाळ्या कमी पडतात. 2025 च्या प्रदर्शनात रशियाचे सुखोई-57 आणि अमेरिकेचे एफ-35 एकाच ठिकाणी आले, तेव्हा सारी चर्चा कोणते विमान विकत घ्यावे याचीच होती. बाजार भरवायचा तर भाव होणारच, त्याला इलाज नाही.

हवाई प्रात्यक्षिकांचा इतिहास अपघातांनी लिहिलेला आहे, हे जाणून घेतल्यावाचून त्यांचा आनंद लुटणे मला प्रामाणिक वाटत नाही. 1952 मध्ये इंग्लंडमधील फार्नबरो येथे एक विमान हवेत फुटून त्याचे इंजिन प्रेक्षकांत कोसळले, 29 प्रेक्षक, वैमानिक आणि त्याच्यासोबतचा निरीक्षक गेले, आणि विमानांनी गर्दीच्या डोक्यावरून जाऊ नये यासाठी नियम कडक झाले. 1988 मध्ये जर्मनीत रामस्टाइनला इटालियन पथकाची विमाने एकमेकांवर आदळून 70 जण मृत्युमुखी पडले. 2019 मध्ये येलहंक्यालाच सरावाच्या वेळी सूर्यकिरणची दोन विमाने धडकली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. नोव्हेंबर 2025 मध्ये दुबईत तेजस कोसळून विंग कमांडर नमांश स्याल गेले. कमी उंचीवरच्या प्रात्यक्षिकात चूक सुधारण्यासाठी लागणारी उंचीच शिल्लक नसते. प्रेक्षकाला जवळून दिसावे म्हणून वैमानिक आपली सुरक्षिततेची पुंजी खर्च करीत असतो. आणि ऑक्टोबर 2024 मध्ये चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर तर एकही विमान न पडता पाच प्रेक्षक दगावले. लाखोंची गर्दी, दुपारचे ऊन, आणि पाणी, सावली व परतीच्या वाहतुकीची अपुरी सोय. आकाशातील नऊ विमानांचे अंतर मीटरमध्ये मोजणाऱ्यांनी जमिनीवरच्या पिण्याच्या पाण्याचेही तसेच गणित मांडायला हवे होते.

जुनी विमाने उडवावीत की जपावीत, हा वादही याच्याशी जोडलेला आहे. इंग्लंडमधील ओल्ड वॉर्डनला 1909 सालचे ब्लेरियो विमान आजही वाऱ्याशिवायच्या संध्याकाळी धावपट्टीवरच थोडे वर उचलतात. याउलट 2022 मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे दुसऱ्या महायुद्धातील दोन दुर्मीळ विमाने प्रात्यक्षिकात धडकली. सहा माणसे गेली आणि विमानांचा चुरा झाला. आपल्या हवाई दलाने 2018 मध्ये भेट मिळालेले ‘परशुराम’ हे डाकोटा विमान उडते ठेवले आहे. 1947 च्या ऑक्टोबरमध्ये श्रीनगरला सैन्य उतरवणाऱ्या विमानांच्या जातीचे हे विमान, आणि त्याचा घरघराट ऐकणे हा वेगळाच अनुभव आहे, हे मी नाकारत नाही. डाकोटा जगात पुष्कळ आहेत, म्हणून ते जरूर उडवावे. ज्याचा दुसरा नमुना छपराखाली सुरक्षित नाही, ते मात्र कोणीही उडवू नये.

आमच्या भट्टीत रोज भंगारच वितळते, त्यामुळे भंगाराविषयी मला तिरस्कार नाही. तरीही विक्रांतचे जे झाले ते मी विसरू शकत नाही. 1997 मध्ये निवृत्त झालेले हे जहाज काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून खुले होते. पुढे ते असुरक्षित ठरले, 2014 मध्ये लिलावात गेले आणि तुटले. त्याच्या पोलादाचा काही अंश वापरून 2016 साली एक मोटरसायकलही बाजारात आली. ती गावातून फिरताना पाहिली की लोक कौतुकाने बोट दाखवीत. विराटच्या वेळी आशा होती, कारण 2018 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते जहाज सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्रात संग्रहालय म्हणून ठेवण्यास मंजुरी दिली होती. निवती म्हणजे आम्हाला घाटाखालचे गाव. 2020 च्या सप्टेंबरमध्ये विराट तोडण्यासाठी गुजरातमधील अलंगला गेले.

26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला मिग-21 ने हवाई दलाचा निरोप घेतला. या जातीची शेकडो विमाने आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात जोडली गेली. जुहूसारखा 1928 चा विमानतळ आणि ओझरसारखा कारखाना असलेल्या महाराष्ट्रात पालम किंवा बोगमाळोच्या तोडीचे एकही विमान संग्रहालय नाही. निवृत्त मिग आता ठिकठिकाणी वाटले जातील, आणि मला धास्ती आहे ती चौकांची. एखादे विमान कोल्हापूरच्या वाट्याला आलेच, तर ते तावडे हॉटेलच्या कमानीपाशी सिमेंटच्या खांबावर, नाक वर करून, भोवती रंगीत कारंजे सोडून बसवण्याचा प्रस्ताव कोणीतरी नक्की आणेल. माझी मागणी निराळी आहे. ते एखाद्या तंत्रनिकेतनाच्या किंवा आयटीआयच्या आवारात शेडखाली ठेवावे. इंजिन बाहेर काढून शेजारी स्टँडवर मांडावे आणि एका कुशीचा पत्रा उघडा ठेवावा. फलकावर कमाल वेगाच्या आधी कोणता भाग कोणत्या धातूचा, कसा घडवला आणि ओझरला तो कसा जोडला जाई, ते लिहावे. दर उन्हाळ्यात ते धुऊन, सांधे तपासून, वंगण भरण्याचे काम मुलांच्या प्रात्यक्षिकाच्या तासांत धरावे. शेडच्या पत्र्याची आणि नटबोल्टांची चिंता सरकारने करू नये. ते उद्यमनगर एका आठवड्यात उभे करून देईल, आणि आप्पा रोज सकाळी देखरेखीला येतील.